भाड्याची खोली आणि मराठी लेखक

एखाद्या समाजाचे वाङ्मय पारखावयाचे असेल तर त्यातील माणसे राहतात कोठे, आणि त्या जागेवर त्यांचा हक्क कोणता, हे आधी पाहावे, असे आम्हास पुष्कळ दिवसांपासून वाटत आले आहे. राहत्या जागेचा प्रश्न हा अर्थशास्त्राचा किंवा नगररचनेचा विषय मानून आमचे समीक्षक त्याकडे पाठ फिरवितात. वस्तुतः भिंत किती जाड आहे, शेजारी किती जवळ आहे, भाडे किती पडते आणि जागा सोडावी लागण्याचे भय कितपत आहे, यांवर माणसांचे बोलणे, लाजणे, भांडणे व गप्प बसणे पुष्कळ अंशी अवलंबून असते. आणि कथा-कादंबरीचा व्यवसाय तरी अखेर याच गोष्टींचा हिशेब ठेवण्याचा होय. सबब, भाड्याच्या खोलीचे मराठी लेखकांनी काय केले, आणि नांदेड व लातूर या दोन शहरांतील आजच्या जीवनाकडे पाहता त्यात काय उणे राहिले आहे, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा योजिला आहे.

प्रथम शब्दांकडे पाहू. ‘भाडे’ हा शब्द संस्कृत ‘भाटक’ या शब्दापासून आला आणि पुण्या-मुंबईकडे तो बोलण्यात व लिहिण्यात सारखाच चालतो. मराठवाड्यात मात्र तो बहुधा पुस्तकातच राहिला. लोकांच्या तोंडी ‘किराया’ आहे. 1948 पर्यंत हा मुलूख निजामाच्या राज्यात असल्याने अरबी-फारसीतून उर्दूत आलेला हा शब्द येथे घरचा झाला. ‘रूम किरायानं पाहिजे’ असे म्हणणारा किनवटचा किंवा उदगीरचा विद्यार्थी एका लहानशा वाक्यात तीन भाषांना सुखाने नांदवितो. तिसरा शब्द ‘बिऱ्हाड’. हा सर्वांत बोलका. बिऱ्हाड म्हणजे घर नव्हे. बिऱ्हाड म्हणजे माणसे, भांडी, अंथरुणे आणि ती घेऊन तात्पुरते टेकण्याची जागा. म्हणूनच बिऱ्हाड ‘बांधता’ येत नाही, ते ‘करता’ येते आणि ‘हलविता’ येते. आणि विंचवाचे तर ते पाठीवरच असते. भाडेकरूची मालकी भिंतींवर नसून पाठीवरच्या गाठोड्यावर आहे, ही गोष्ट आमच्या भाषेला आमच्या लेखकांच्या पुष्कळ आधी कळली होती. भालचंद्र नेमाडे यांनी आपल्या 1975 सालच्या कादंबरीला ‘बिढार’ हे नाव दिले, त्यात या शब्दाचा संपूर्ण अर्थ जागा आहे. त्यांचा चांगदेव पाटील गावोगावच्या महाविद्यालयांतून इंग्रजी शिकवीत हिंडतो, आणि कोठल्याच गावी त्याचे बिऱ्हाड घराच्या पदवीला पोहोचत नाही.

भाड्याच्या जागेविषयीचे मराठी लेखन स्थूलमानाने दोन प्रकारांत विभागता येते, असे आम्हास दिसते. एक, खोली मिळाल्यानंतरचे साहित्य. दुसरे, खोली मिळण्यापूर्वीचे. पहिल्या प्रकारात पात्रे आधीच खोलीत बसलेली असतात. त्यांना तेथे कोणी घेतले, कोणत्या अटीवर घेतले आणि कोणास घेतले नाही, हे विचारण्याचे लेखकास कारण पडत नाही. दुसऱ्या प्रकारातील पात्र उंबऱ्याबाहेर उभे असते, आणि दार उघडणारा त्यास आपादमस्तक न्याहाळीत असतो. पहिला प्रकार विपुल आहे, लोकप्रिय आहे आणि बहुतांशी विनोदी आहे. दुसरा थोडका आहे. परंतु मराठी गद्यातील काही अत्यंत खरी पाने त्यातच आहेत.

पहिल्या प्रकाराचा मुकुटमणी अर्थातच पु. ल. देशपांडे यांची ‘बटाट्याची चाळ’ (1958). तिच्या गुणांविषयी नव्याने काही सांगण्याची आवश्यकता नाही. मात्र त्या चाळीतील मंडळींचा जो एकोपा आपणास मोहवितो, त्याला एक कायदेशीर पाया होता, याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. मुंबईच्या 1947 सालच्या भाडेनियंत्रण कायद्याने जुन्या जागांचे भाडे सामान्यतः 1 सप्टेंबर 1940 च्या पातळीवर रोखून धरले आणि भाडेकरूस सहजासहजी घालविता येईना. चाळीतील खोली ही नावाला भाड्याची, व्यवहारात वडिलोपार्जित अशी झाली. तीस-तीस वर्षे एकाच गॅलरीत कपडे वाळत घालणारी कुटुंबे असल्यावर त्यांच्यात मंडळे निघणार, नाटके बसणार, रुसवेफुगवे होणार आणि त्यांतून विनोदी लेखकास सामग्री मिळणार, हे ओघानेच आले. याचा अर्थ पुलंच्या प्रतिभेस कायद्याचे देणे लागू आहे असा कोणी करू नये. आमचे म्हणणे एवढेच की, चाळीचा विनोद हा निर्धास्त भाडेकरूचा विनोद आहे. त्या पुस्तकाच्या अखेरीस ‘एक चिंतन’ या भागात चाळ सरत चालल्याची जी हुरहुर आहे, तीही दीर्घ वस्तीनंतरच शक्य होणारी हुरहुर आहे. ज्यास अकरा महिन्यांनी जागा सोडावयाची आहे, त्याच्या वाट्यास ती येत नाही.

आता दोन कृती शेजारी शेजारी ठेवून पाहू. दोहोंचे कथानक वरवर पाहता एकच आहे: जागा मिळविण्यासाठी मनुष्य आपण जे नाही ते आहोत असे भासवितो. पहिली कृती म्हणजे 1988 साली आलेला ‘अशी ही बनवाबनवी’ हा सचिन पिळगांवकरांचा चित्रपट. हृषीकेश मुखर्जी यांच्या 1966 सालच्या ‘बीवी और मकान’ या हिंदी चित्रपटावर तो बेतलेला आहे. पुण्यातील घरमालकीण केवळ जोडप्यांनाच जागा देते. म्हणून चार तरुणांपैकी दोघे लुगडे नेसून बायका बनतात. त्यावर अवघा महाराष्ट्र आजतागायत हसत आला आहे, आणि त्या हसण्यास आमची हरकत नाही. दुसरी कृती बाबूराव बागुलांची ‘जेव्हा मी जात चोरली होती’ ही कथा; याच नावाच्या संग्रहात ती 1963 साली प्रसिद्ध झाली. रेल्वेतील नोकरीसाठी गुजरातेत गेलेला तरुण आपली जात लपवून राहतो, आणि ती उघड झाली तेव्हा बेदम मार खातो.

दोन्ही ठिकाणी लबाडी एकाच जातीची आहे. शेवट मात्र दोन टोकांचे आहेत. असे का व्हावे? चित्रपटातील तरुणांनी जे लपविले ते लग्न झाल्यावर आपोआप मिटणारे वैगुण्य होते. आज ते अविवाहित आहेत, उद्या नसतील. लुगडे फेडले की सोंग संपते, आणि सर्वांनी मिळून हसावयाचे एवढेच उरते. बागुलांच्या नायकास फेडून टाकता येईल असे काहीच नाही. त्याने जे लपविले ते जन्माने चिकटलेले आहे, आणि म्हणून सोंग संपल्यावर हशा न होता काठ्या उगारल्या जातात. एकाच युक्तीवर एक समाज कोठे हसतो आणि कोठे हात उगारतो, हे या दोन कृतींच्या तुलनेतून जितके स्पष्ट होते तितके जाडजूड समाजशास्त्रीय ग्रंथांतूनही होणार नाही. आमच्या विद्यापीठांतून या दोन कृती दोन वेगळ्या खोल्यांत ठेवल्या जातात. एक करमणुकीच्या आणि दुसरी दलित साहित्याच्या. त्या एकाच तासाला शिकवाव्यात, अशी आमची सूचना आहे.

खोली मिळण्यापूर्वीच्या या साहित्यास एक पूर्वज आहे. 1917 साली अमेरिकेत व इंग्लंडात शिकून डॉ. बाबासाहेब आंबेडकर बडोदे संस्थानच्या सेवेत रुजू झाले, तेव्हा त्यांना त्या शहरात राहावयास जागा मिळेना. पारशी वसतिगृहात पारशी नावाने ते राहिले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेले लोक दारात आले आणि त्यांना बाहेर पडावे लागले. ही हकीकत त्यांनी स्वतः इंग्रजीत लिहून ठेवली आहे, आणि तिची शैली इतकी संयत आहे की वाचकास आधी घटनेची शरम वाटते आणि मग लेखनाचे सामर्थ्य जाणवते. ज्ञान, पदवी, अधिकार हे सर्व हाती असलेल्या मनुष्यास एक खोली मिळत नाही, ही गोष्ट आधुनिक भारतीय गद्याच्या आरंभीच्या महत्त्वाच्या प्रसंगांत गणली पाहिजे.

बडोद्याहून लातूर दूर आहे, परंतु प्रश्न तोच आहे. शरणकुमार लिंबाळे यांच्या ‘अक्करमाशी’ (1984) या आत्मकथेची चर्चा आईच्या व बापाच्या प्रश्नाभोवतीच फिरते, आणि ते स्वाभाविकही आहे. तथापि तिच्या उत्तरार्धाकडे, म्हणजे लेखक दूरध्वनी खात्यात नोकरीस लागून अहमदपूरला आणि पुढे लातूरला येतो त्या भागाकडे, मराठवाड्यातील वाचकाने विशेष लक्ष द्यावे. येथे भूक मागे पडली आहे. दरमहा पगार आहे. भाडे देण्याची ऐपत आहे. आणि तरीही जागेची चौकशी सुरू होताच जातीचा प्रश्न लेखकाच्या आधी दारात जाऊन उभा राहतो. यात आडनावाची जी गुंतागुंत आहे ती कोणत्याही कल्पित कथाकारास सुचली नसती. लिंबाळे हे आडनाव लिंगायत पित्याकडचे. आणि लातूर तर लिंगायत समाजाची मोठी वस्ती असलेले गाव. जे नाव त्यास पित्याने मनापासून दिले नाही, तेच नाव भाड्याच्या दारात त्याच्याविषयी भलताच समज करून देऊ शकते. गावात जे आडनाव त्याच्या अवहेलनेचे मूळ होते, ते शहरात आडोसा ठरू पाहते, आणि तो आडोसा घ्यावा तर स्वतःस नाकारावे लागते. नोकरीने माणसाचे सर्व प्रश्न सुटतात या आमच्या मध्यमवर्गीय श्रद्धेस इतका शांत धक्का अन्यत्र क्वचितच बसला असेल.

ही झाली पुस्तके. परंतु भाड्याच्या खोलीचे एक वाङ्मय आमच्या रस्त्यांवर रोज टांगलेले असते, आणि समीक्षकाने त्याकडेही पाहावे. ‘खोली भाड्याने देणे आहे.’ या वाक्याचे व्याकरण कोणी तपासले आहे काय? यात कर्ता नाही. कोण देणार, हे वाक्य सांगत नाही; जणू खोली आपणहून दिली जावयाची आहे. मात्र दुसऱ्या ओळीत कर्ता एकदम प्रकट होतो, आणि तो घेणारा असतो: फक्त कुटुंबासाठी, फक्त विद्यार्थिनींसाठी, फक्त शाकाहारींसाठी. ‘फक्त’ हा शब्दही अरबीतून आलेला. मराठीने त्याचा इतका कडक उपयोग क्वचितच अन्यत्र केला असेल. ‘शाकाहारी’ या शब्दात आहाराची गोष्ट किती आणि धर्माची व जातीची किती, हे वाचणाऱ्यास बरोबर कळते. तिसरी ओळ पाटीवर नसते. ती दारात तोंडी विचारली जाते: ‘आडनाव काय?’ या दोन शब्दांनंतर खोली एकाएकी कालच गेलेली असते, किंवा पुण्याहून भाऊ यावयाचा असतो. नांदेड आणि लातूर या दोन्ही शहरांत मुसलमान वस्ती मोठी आणि पिढ्यान्‌पिढ्यांची आहे. तरीही ठरावीक वसाहतींत ठरावीक आडनावांना पाटी असूनही खोली नसते, ही गोष्ट येथे राहणाऱ्या कोणासही ठाऊक आहे. ‘चांगली वस्ती’ या शब्दप्रयोगाचा अर्थ घरांच्या चांगुलपणाशी कमी आणि अशा गाळणीशी अधिक जुळतो.

आता या शहरांकडे वळू. नांदेडला 1950 साली पीपल्स कॉलेज निघाले आणि 1994 साली विद्यापीठ आले. लातूर 1982 साली उस्मानाबादेतून निघून स्वतंत्र जिल्हा झाले, आणि परीक्षांच्या निकालांमुळे ‘लातूर पॅटर्न’ हा शब्द सर्व महाराष्ट्रात गेला. वैद्यकीय व अभियांत्रिकीच्या प्रवेशपरीक्षांसाठी पोरे-पोरी या दोन शहरांत येतात आणि एका खोलीत राहतात. पूर्वी वाड्यातील एखादी माडी मिळे. आता इमारतीच त्यासाठी बांधल्या जातात. एक खोली, कोपऱ्यात ओटा आणि दाराआड मोरी, अशी ही रचना; तिला सर्वत्र ‘वन आरके’ म्हणतात. ‘मोक्याची जागा’ याचा मुंबईत अर्थ स्टेशनाजवळ असा होतो. नांदेडला शिवाजीनगर-वजिराबादेकडे तो अजूनही काहीसा तसाच आहे. लातूरला मात्र मोक्याची जागा म्हणजे शिकवणीपासून पायी जाता येईल अशी, खाणावळीचा डबा वेळेवर पोहोचेल अशी, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे जिच्या बोअरला पाणी आहे अशी जागा. एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, तेव्हापासून लातुरात खोली पाहणाऱ्याचा पहिला प्रश्न भाड्याचा नसतो, पाण्याचा असतो.

या खोलीचा करारही चाळीच्या खोलीहून अगदी निराळा आहे. मराठवाड्यात आधी हैद्राबाद राज्याचा 1954 सालचा घरभाडे नियंत्रण कायदा चाले. 1999 सालच्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याने, 31 मार्च 2000 पासून, सर्व राज्यास एकच कायदा लागू झाला. भाडेकरार लेखी असावा व त्याची नोंदणी व्हावी असे हा कायदा सांगतो. परंतु वर्षाहून अधिक मुदतीच्या पट्ट्यास नोंदणी लागते या 1908 सालच्या नियमाच्या धाकाने जी अकरा महिन्यांची चाल पडली, ती अद्याप सुटलेली नाही. आणि विद्यार्थ्यांच्या खोल्यांचे व्यवहार तर पुष्कळदा तोंडीच होतात. ‘लीव्ह अँड लायसन्स’ या नावातच सारे आले. राहणारा हा भाडेकरू नसून परवानाधारक आहे. मुदत संपली की त्याने निघावे, न निघाल्यास दुप्पट रक्कम द्यावी, अशी कायद्यात तरतूद आहे. मालकाच्या भयास या तरतुदीने उत्तर दिले हे खरे. जुन्या कायद्याखाली जागा कायमची गेलेली पाहिलेल्या मालकाचे भय अगदीच काल्पनिक नव्हते, आणि निवृत्तीनंतर एका खोलीच्या किरायावर औषधपाणी भागविणारे मालकही आम्हास ठाऊक आहेत. परंतु वाङ्मयाच्या दृष्टीने परिणाम असा झाला की शेजार तयार होण्याआधीच शेजारी बदलतो. ज्या भूमीत चाळीचे साहित्य उगवले ती भूमीच येथे नाही.

मग या अकरा महिन्यांच्या खोलीचे साहित्य कोठे आहे? आमचे उत्तर असे की, ते जवळपास नाही. मराठवाड्याच्या ग्रामीण कथेने मोठे काम केले आहे. भास्कर चंदनशिवांच्या ‘लाल चिखल’ या कथेत शेतकरी टोमॅटो घेऊन बाजारापर्यंत येतो, आणि भाव पडल्यावर स्वतःच ते पायाखाली तुडवितो. त्या बाजाराचे इतके निष्ठुर दर्शन दुसऱ्या कोणी घडविले नाही. परंतु आमची ग्रामीण कथा बहुधा बाजारातून गावी परत जाते. त्याच शेतकऱ्याचा मुलगा एस.टी.तून उतरून, पत्र्याची पेटी व धान्याचे पोते घेऊन जी खोली शोधावयास निघतो, तिच्या दारापर्यंत ती त्याच्यासोबत जात नाही. ते पोते त्या शेतातील आहे आणि तो किराया त्याच पिकाचा आहे. ज्या वर्षी सोयाबीनला भाव नाही, त्या वर्षी मुलगा मोक्याची खोली सोडून दूरच्या वसाहतीत जातो, एका खोलीत दोघांच्या जागी चौघे झोपतात, किंवा शिक्षण सोडून तो गावी परततो. गावाची आणि शहराची गाठ येथे पडते. ‘ग्रामीण’ आणि ‘नागर’ या आमच्या समीक्षेतील दोन कप्प्यांमुळे ही गाठ कोणाच्याच वाट्यास आलेली नाही.

यावर असा आक्षेप येईल की, एवढ्याशा खोलीवर मोठे साहित्य उभे राहणार कसे? या आक्षेपास जगाच्या वाङ्मयाने केव्हाच उत्तर दिले आहे. दस्तयेवस्कीच्या 1866 सालच्या ‘गुन्हा आणि शिक्षा’ या कादंबरीच्या आरंभी नायक आपल्या कपाटाएवढ्या खोलीतून घरमालकिणीची नजर चुकवून जिना उतरतो, कारण भाडे थकलेले आहे. त्या माणसाचे पुढील सर्व तत्त्वज्ञान आणि पाप त्या बुटक्या छताखाली वाढले आहे, हे लेखक वाचकास विसरू देत नाही. व्हर्जिनिया वुल्फने 1929 साली लिहिले की, स्त्रीस लेखन करावयाचे तर वर्षास पाचशे पौंड आणि स्वतःची एक खोली हवी. वुल्फच्या खोलीस कुलूप होते आणि त्याची किल्ली आतील स्त्रीकडे होती. आमच्या शहरांतील ‘फक्त विद्यार्थिनींसाठी’ असलेल्या खोलीचेही कुलूप आहे. परंतु फाटकाची किल्ली मालकाकडे, परतण्याची वेळ मालकाने ठरविलेली, आणि भेटीस आलेला भाऊ खरोखर भाऊ आहे काय याचा निवाडाही त्याच्याकडेच. असे असूनही, देगलूरहून किंवा निलंग्याहून आलेल्या मुलीच्या आयुष्यातील ही पहिली अशी जागा असते जेथे पाहुण्यांसाठी चहा ठेवण्यास तिला कोणी हाक मारीत नाही. पहारा आणि मोकळीक एकाच दहा बाय दहाच्या जागेत नांदतात. कादंबरीकारास याहून अधिक काय हवे, हे आम्हास समजत नाही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. खोली नाकारली गेल्याचे दुःख दलित लेखकांनी लिहिलेच आहे. आता पुन्हा काय लिहावयाचे? आमचे मत असे की, नाकारल्या गेलेल्याने आपले लिहिले. नाकारणाऱ्याने अजून लिहिलेले नाही. मराठीतील बहुसंख्य लेखक ज्या वर्गातून आले त्या वर्गाच्या मालकीची घरे आहेत, त्या घरांवर पाट्या टांगलेल्या आहेत, आणि ‘आडनाव काय?’ हा प्रश्न त्यांच्याच ओसरीवर विचारला गेला आहे. तो विचारताना घरातील मुलगा आतल्या खोलीत पुस्तक वाचीत होता काय? त्यास तो ऐकू आला काय? ऐकू आल्यावर त्याने पान उलटले, की तो बाहेर आला? हा अनुभव बागुल किंवा लिंबाळे यांना लिहिता येणारा नव्हता, कारण ते दाराच्या दुसऱ्या बाजूस होते. आतील बाजूचे लेखन प्रामाणिकपणे होईल तेव्हाच हे दार वाङ्मयात पुरते उघडले असे म्हणता येईल.

लातूरच्या गंजगोलाईस 16 रस्ते येऊन मिळतात, असे तेथील लोक अभिमानाने सांगतात. त्या रस्त्यांनी दरवर्षी जून महिन्यात जी मुले-मुली शहरात येतात, त्यांतून उद्याचे डॉक्टर होतील, तसेच दोन-चार लेखकही होतील. त्यांनी चाळीचा विनोद उसना आणू नये आणि वाड्याच्या आठवणीही उसन्या घेऊ नयेत. आपल्या खोलीचा किराया किती होता, तो कोणत्या पिकातून आला, पाणी किती दिवसांनी येई, आणि त्यांच्या आधी त्या दारातून कोणास परत पाठविले गेले होते, एवढे जरी त्यांनी खरेपणाने लिहिले, तरी मराठवाड्याच्या साहित्यात आजवर रिकामी असलेली एक जागा भरून निघेल.